मुलांना चहा-बिस्किटावर शाळेत पाठवू नका

आईबाबांनो, आजीआजोबांनो, उद्या सकाळच्या एका घासाबद्दल बोलायचं आहे. उद्याचा घास आहे, म्हणून आजच ऐका.

तंजावरजवळ, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. संत-संगीतकार त्यागराजांची समाधी तिथे आहे, म्हणून नाव कानावर आलं असेल. या गावासह तमिळनाडूभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत, शाळेच्या दिवशी वर्ग भरण्याआधी मुलं गरम न्याहारी करतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुरैत ही योजना सुरू झाली आणि 25 ऑगस्ट 2023 पासून ती राज्यभर पोहोचली. पहिली ते पाचवीच्या मुलांना कधी उपमा, कधी खिचडी, कधी पोंगल मिळतो. सगळं शाकाहारी, सगळं ताजं. माणशी 50 ग्रॅम धान्य, सांबारासाठी 15 ग्रॅम डाळ आणि सोबत त्या भागात मिळणारी भाजी. रांधणाऱ्या बाया बचत गटाच्या. ज्यांची स्वतःची मुलं त्याच शाळेत आहेत, त्यांना हे काम आधी देतात.

आता आपल्या घरात डोकावून बघा. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय, एका हातात बूट, दुसऱ्या हातात चहाचा कप, त्यात बुडवलेली चार बिस्किटं. "डबा दिलाय, मधल्या सुट्टीत खाईल." रात्री आठला जेवलेलं मूल साडेदहाला डबा उघडतं. साडेचौदा तास! एवढा वेळ तुम्हीआम्ही मोठी माणसंही कासावीस होतो. ते तर वाढतं लेकरू आहे. बिस्किटातला मैदा नि साखर थोडा वेळ तरतरी देतात, मग गणिताच्या तासाला डोळे जड होतात आणि आपण म्हणतो, याचं लक्षच नसतं.

लक्ष कुठून असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019 ते 21 या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या सुमारे 69 मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. तमिळनाडूतही हा आकडा 57 होता, तिथेही सगळं आलबेल नाही. ती मुलं आता शाळेत बसू लागली आहेत. त्यात चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. म्हणून पहिली विनंती ही: मुलाच्या हातातला चहा आजपासून बंद करा. हळूहळू नको, आजपासून.

आणि त्या जागी शिजवलेलं अन्न द्या. तिरुवैयारुच्या घरोघरी होणारा पोंगल करून बघा, कुकरचं काम आहे. अर्धी वाटी मूगडाळ कोरडीच खमंग भाजा. तिच्यात एक वाटी तांदूळ धुऊन घाला, पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून मऊ शिजवा. कढल्यात तूप तापवा, जिरं तडतडू द्या, मग भरडलेली मिरी, किसलेलं आलं, कढीपत्ता, चिमूटभर हिंग. फोडणी भातावर ओता आणि डावाने घोटा. डाव उभा राहील इतका घट्ट नको, पोंगल वाटीत सैल पसरला पाहिजे. मिरी अख्खी ठेवाल तर मुलं ती वेचत बसतील, भरडूनच घाला. वर लिंबू पिळा. लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पुढच्या आठवड्यात तांदळाऐवजी वरई घ्या. आपण वरईला उपवासात कोंडून ठेवलं आहे, तिकडे ती साध्या वारीही शिजते.

पण एकच पदार्थ रोज मांडलात तर मूल चौथ्या दिवशी तोंड फिरवेल. त्याचा दोष नाही. एकाच धान्यात सगळं नसतंही. नाचणीत जेवढं कॅल्शियम आहे, तेवढं तांदळात कुठलं? म्हणून आलटून पालटून करा. रोज नवा पदार्थ शोधत बसू नका, धान्य बदला, डाळ बदला, भाजी बदला. आज नाचणीचं घावन, उद्या भाजणीचं थालीपीठ, त्यात मेथी चिरून घाला. पोह्यांत वाफवलेली मटकी टाका. सांज्यात गाजर-मटार घाला. तमिळ अडै करा: तांदूळ आणि तूर, हरभरा, उडीद या डाळी रात्री भिजवायच्या, सकाळी जाडसर वाटून लगेच तव्यावर. पीठ आंबायची वाटच बघायला नको. काहीच जमलं नाही तर फोडणीची पोळी आणि वाटीभर वरण. तेही बिस्किटापेक्षा शंभरपट बरं.

वेळ नाही म्हणाल, तर ते खरं आहे. पण 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र शासनाने ठरवलं आहे. तुमच्या शाळेने ऐकलं नसेल तर विचारा, आग्रह धरा. आणि बाबांनो, हे एकट्या आईवर टाकू नका. वाटण तुम्ही करा, तवा तुम्ही सांभाळा. मूल बघत असतं, घरात आपल्यासाठी कोण उठतं ते.

तुमचं मूल खाऊन गेलं, तरी शेजारच्या बाकावरचं? त्याची आई पहाटेच कामावर गेलेली असते. आपल्याकडे सरकारी शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं ते दुपारी, तोवर ते उपाशी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांना सकाळची न्याहारी द्यावी असं लिहिलेलं आहे. आपल्याला हे परकं नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या ओरत्तनाडच्या अन्नछत्रात मुलं शिकत आणि तिथेच जेवत. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. ग्रामसभेत उभे राहा. न्याहारीचा विषय लेखी मांडा, ठरावात नोंदवून घ्या. बचत गटातल्या बायांना सोबत न्या, त्यांच्या हातचं जेवण गावाने चाखलेलं आहे. तोवर आपल्या डब्यात दोन घास जास्त द्या आणि मुलाला सांगून ठेवा, शेजारच्याला विचारल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

आणि आज रात्री? झोपण्याआधी वाटीभर मूग भिजत घाला. सकाळी आलं, जिरं, कोथिंबीर घालून वाटा, पालक बारीक चिरून मिसळा, तवा तापवा. मुलाला पाटावर बसवा. पहिलं धिरडं त्याच्या ताटात वाढा आणि ते खाऊन होईपर्यंत दार उघडू नका, रिक्षावाला दोन मिनिटं थांबेल.