आधी कुशल, मग वाट

झिंबाब्वेतील शोना लोकांच्या खेड्यात सकाळी कोणी भेटले, की 'मरारा सेइ?' म्हणजे 'झोप कशी लागली?' अशी पृच्छा प्रथम होते. उत्तर येते, 'आपणांस लागली असेल, तर मलाही लागली.' दुसऱ्याच्या सुखावाचून आपले सुख पुरे होत नाही, हा केवढा थोर भाव! घाईचा प्रवासी मोटार थांबवून एकदम वाट विचारतो, किंवा न विचारताच छायाचित्र घेतो. त्याला वाट मिळते, चित्रही मिळते. पण माणूस भेटत नाही. म्हणून परमुलखात जाणाऱ्याने तेथील कुशल विचारण्याची रीत आधी शिकावी. त्यात थोडा वेळ जाईल खरा. परंतु ज्याच्या अंगणात आपण उभे राहतो, त्याचा मान राखण्याची ती पहिली पायरी आहे.