छपाईची आज्ञा वहीत असावी

अनेक शाळांतून व लहान कार्यालयांतून एक देखावा दृष्टीस पडतो. संगणक चार असतात, प्रिंटर एकच असतो आणि तोही एकाच संगणकाला जोडलेला. ज्या गृहस्थांनी तो जोडला त्यांची बदली झाली, की दाखल्यासाठी आलेल्या माणसास ‘उद्या या’ असे उत्तर मिळते. यंत्र शाबूत असते. ते चालविण्याची माहिती मात्र एका माणसाबरोबर निघून गेलेली असते. ही माहिती सर्वांच्या हाती कशी राहील, ह्याचा आज विचार करू.

ह्या कामी चेन्नईत झालेले एक कार्य उपयोगी पडते. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही संगणकप्रणाली सिद्ध केली व २००७ साली ती लोकांपुढे आली. ती लिनक्सच्या डेबियन शाखेवर आधारलेली असून विनामूल्य मिळते व तिच्यात मराठीतूनही काम करता येते. अशा प्रणालींत छपाईची व्यवस्था ‘कप्स’ ह्या कार्यक्रमाकडे असते. मायकेल स्वीट ह्यांनी रचलेला हा कार्यक्रम १९९९ साली प्रसिद्ध झाला. इतर संगणकांकडून आलेली कामे घेणे, ती रांगेत लावणे आणि प्रिंटरला उमजेल अशा रूपात त्याच्याकडे पाठविणे, हे त्याचे काम. ज्या संगणकावर तो हे करतो, त्यास प्रिंट सर्व्हर म्हणतात.

ही व्यवस्था टर्मिनलच्या खिडकीत अक्षरी आज्ञा देऊन लावता येते. आज्ञा रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात; येथे केवळ त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रथम ‘एलपीइन्फो -व्ही’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे जोडलेल्या प्रिंटरचा पत्ता दिसतो. मग व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘एलपीॲडमिन -पी कार्यालय -ई -व्ही पत्ता -एम एव्हरीव्हेअर’ असे लिहावे. ‘पत्ता’ ह्या जागी नुकताच दिसलेला पत्ता घालावा. ‘कार्यालय’ हे आपण ठेवलेले नाव. शेवटचा शब्द नव्या धर्तीच्या प्रिंटरांना चालतो. जुन्यासाठी ‘एलपीइन्फो -एम’ ह्या यादीतून योग्य नमुना निवडावा.

येथे क्रमाला महत्त्व आहे. मोठ्या लिपीतील ‘ई’ नावानंतर आला, तर प्रिंटर सुरू होऊन कामे स्वीकारू लागतो. तोच नावाआधी आला, तर संपर्क सांकेतिक करावा असा त्याचा अर्थ होतो. यानंतर ‘कप्सकंट्रोल --शेअर-प्रिंटर्स’ ही आज्ञा दिली, की त्याच जाळ्यातील इतर संगणकांना हा प्रिंटर वापरता येतो. ह्या आज्ञेचे नाव टंकताना ‘कप्स’पुढे सी, टी, एल एवढीच अक्षरे लिहावीत. काम अडल्यास ‘एलपीस्टॅट -टी’ रांगेची स्थिती सांगते, आणि थांबलेला प्रिंटर ‘कप्सएनेबल कार्यालय’ ह्या आज्ञेने पुन्हा चालू होतो.

दोन गोष्टींत दक्षता हवी. कप्स ६३१ क्रमांकाच्या द्वारावर कामे घेते. ते द्वार बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये ह्याच व्यवस्थेच्या प्रिंटर शोधणाऱ्या भागात गंभीर दोष उघडकीस आले होते, म्हणून सुधारित आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात. दुसरे असे की, छापलेल्या कागदाची प्रत सर्व्हरवर सामान्यतः एक दिवस राहते. प्रश्नपत्रिका वा कोणाचा वैद्यकीय अहवाल छापला जात असेल, तर ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स’ ही तरतूद ‘नो’ करून ठेवावी.

चित्रांवर बोट ठेवून केलेली मांडणी दुसऱ्यास सांगणे कठीण जाते. अक्षरी आज्ञा मात्र जशीच्या तशी वहीत उतरविता येते. तेव्हा आपल्या कार्यालयात ह्या ओळी तारखेसह लिहून ठेवाव्यात, आणि ज्याने त्या लिहिल्या नाहीत अशा सहकाऱ्याकडून एकदा त्या चालवून घ्याव्यात. त्याच्या हातून कागद छापून बाहेर आला, म्हणजे वही पुरी झाली असे समजावे.