बेलीफ आला तर दार लावू नका

मंडळी, विषय जरा लाजेचा आहे. म्हणूनच लिहितोय. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि त्यावरून आलेले कोर्टाचे कागद, याबद्दल आपल्या लासूर स्टेशनात कुणी उघड बोलत नाही. पीककर्ज थकलं तर माणूस चावडीवर सांगतो, सोसायटीचं थकलं तर चार जण मिळून साहेबाकडे जातात. कार्डाचं थकलं की मात्र माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही.

एक उदाहरण सांगतो, नाव नाही सांगणार. ओळखीतला एक दुकानदार. कोरोनानंतर धंदा बसला, तेव्हा कार्डावर माल उचलला, मग घरातलं आजारपण निघालं, मग किमान रक्कम भरत राहिला आणि एक दिवस तेही थांबलं. त्याच्या मोबाईलवर पहिल्यांदा एक नोटीस आली. वर तराजूचं चित्र, लाल अक्षरं, "अंतिम इशारा", "अटक". घाबरून त्यानं बायकोची कर्णफुलं मोडली आणि 15,000 रुपये वसुलीवाल्याला दिले. तो कागद म्हणजे वकिलाची साधी नोटीस होती, कोर्टाचा त्यात संबंधच नव्हता. पुढं दीड वर्षानं खरा बेलीफ दारात आला, तेव्हा यानं पोराला सांगितलं, "पप्पा गावाला गेलेत म्हण." बेलीफ पुन्हा आला, पुन्हा तेच. शेवटी त्यानं समन्सची प्रत दाराला डकवली आणि गेला. आमचा गडी खुश, कारण कागद हातात घेतलाच नाही!

खोट्या कागदाला घाबरला आणि खऱ्याला हसला. माझ्या मते आपल्याकडचं सगळं दुखणं एवढ्यातच आहे.

समन्स घ्यायला नकार दिला, किंवा माणूस सापडतच नाही म्हणून बेलीफानं दाराला डकवलं, तरी कोर्ट ती बजावणी झाली असं मानू शकतं आणि बहुतेक वेळा मानतंच. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात दिलं तरी चालतं. मग तारखेला पुकारा होतो, प्रतिवादी गैरहजर, आणि दावा एकतर्फी चालतो. बँकेचा अधिकारी शपथपत्रावर जो आकडा सांगेल तोच खरा. त्यातलं व्याज किती, दंड किती, तुम्ही भरलेले 15,000 धरलेत का, हे विचारायला समोर कुणीच नसतं. हुकूमनामा होतो. त्यानंतर दरखास्त, त्यानंतर जप्तीचं वॉरंट. तेव्हा सगळे वकिलाकडे पळतात.

आता कागद कसा ओळखायचा ते बघू. खऱ्या समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर राहण्याची तारीख आणि कोर्टाचा शिक्का असतो. सोबत दाव्याची प्रत असते. प्रत्येक केसला 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की केस आहे का, कोणत्या कोर्टात आहे, पुढची तारीख काय, सगळं फुकट दिसतं. व्हॉट्सॲपवर आलेलं म्हणजे खोटंच, असंही समजू नका आणि खरंच, असंही समजू नका. नंबर तपासा. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच, तसा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आपला तालुका गंगापूर, त्यामुळे कोर्ट म्हटलं की आपल्याला तिथलंच आठवतं. पण कार्डाच्या करारात बारीक अक्षरात मुंबई नाहीतर चेन्नई लिहिलेलं असतं. 20 लाखांच्या आतली बाब असेल तर ती कर्जवसुली न्यायाधिकरणात जात नाही, दिवाणी कोर्टात जाते. म्हणजे आपल्यासारख्यांची जवळजवळ सगळी प्रकरणं दिवाणीच. दिवाणी हा शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत द्यायला 30 दिवस असतात. कारण पटलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं. पण बँकेनं समरी सूट, म्हणजे संक्षिप्त दावा लावला असेल तर गणित वेगळं. तिथं 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि नंतर "मला बचाव करू द्या" अशी वेगळी परवानगी मागावी लागते, तीही बँकेच्या पुढच्या समन्सपासून 10 दिवसांत. तिथं गैरहजर राहिलं तर दावा कबूल केल्यासारखंच होतं. म्हणून कागद हातात पडला की त्यावर त्या दिवसाची तारीख पेनानं लिहा आणि आठवड्याच्या आत वकिलाला दाखवा. "कापूस विकला की बघू" असं म्हणू नका. कोर्टाची मुदत कापसाच्या भावासाठी थांबत नाही.

काही जण म्हणतील, पैसे तर घेतलेच होते, मग कोर्टात बोलायचं काय? घेतले होते हे खरं. ते नाकारा असं मी सांगतच नाही. "कार्ड माझं नव्हतंच" असली खोटी कैफियत देऊन वकिलाचीही पंचाईत करू नका. पण घेतले किती आणि मागतात किती, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 50,000 बाकी असेल तर महिन्याचं व्याज 1,750. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 315. तुम्ही किमान रक्कम म्हणून 2,500 भरले तर मुद्दलातून कमी झाले फक्त 435. वर उशिराचा दंड लागला तर तेही नाही. आमच्या त्या दुकानदारानं भरलेल्या हप्त्यांची बेरीज आम्ही दोघांनी बसून केली, तर जेवढं उचललं होतं जवळपास तेवढं भरून झालेलं होतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तेव्हा कैफियतीत पहिली मागणी ही, की पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण खातेउतारा दाखल करा. मुद्दल, व्याज, दंड, कर, विमा वेगवेगळे दाखवा. भरलेल्या पावत्या आणि बँकेचे मेसेज जोडा. व्याजाच्या दराबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 30 टक्क्यांवरचं व्याज गैर ठरवलं होतं, तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. मला तो निर्णय आवडला नाही, पण आहे तो असा आहे. हिशेब चुकीचा आहे हे दाखवणं अजूनही तुमच्या हातात आहे.

दुसरा मुद्दा मुदतीचा. अशा पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. बँका जुनी थकीत खाती दुसऱ्या कंपन्यांना विकतात आणि पाच-सहा वर्षांनी अनोळखी नावाची कंपनी उभी राहते. दावा मुदतबाह्य असेल तर कोर्टानं तो स्वतःहून फेटाळायला हवा, प्रतिवादीनं मुद्दा काढला नाही तरी. कायद्यात तसं आहे. पण समोर रोजची इतकी कामं असताना, तुम्ही घरी बसून कोर्टानं तुमच्या वतीनं तारखा मोजाव्यात अशी अपेक्षा करणं म्हणजे देवावर भरवसा ठेवून रुळावर झोपण्यासारखं आहे. आणि एक सावधानता. मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून "बाकी मान्य आहे" असं लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत संपल्यावरही सहीनिशी "देईन" लिहून दिलं तर तो नवा करार धरला जातो. वसुलीवाला "एक साधा फॉर्म आहे, सही करा" म्हणतो तो बहुतेक हाच फॉर्म.

सही करण्यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे, ती म्हणजे कोरे किंवा पुढच्या तारखांचे चेक. तडजोडीच्या नावाखाली चेक घेतले जातात. कार्डाची थकबाकी दिवाणी होती. चेक वटला नाही की कलम 138 लागतं आणि ते फौजदारी, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बँकेतून आपोआप कपात होणारा हप्ता परत गेला तरी तशीच तरतूद आहे. खात्यात पैसे येणार याची खात्री नसेल तर चेक फाडूच नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

तुरुंगाच्या भीतीबद्दल स्पष्टच लिहितो. नुसती ऐपत नाही म्हणून दिवाणी हुकूमनाम्यात माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवलंय. पैसे असून मुद्दाम लपवले तर गोष्ट वेगळी. पैशांच्या हुकूमनाम्यात बाईमाणसाला अटक होतच नाही. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल, बियाणं जप्त करता येत नाही. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, सासऱ्याला-शेजाऱ्याला सांगून बदनामी करायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

लोकअदालतीच्या नोटिशीनं आपल्याकडे फार गोंधळ होतो. ते समन्स नसतं, तडजोडीचं बोलावणं असतं. दावा दाखल होण्याआधीची नोटीस असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर तेवढ्यावरून तुमच्याविरुद्ध काही होत नाही. पण जमत असेल तर जावं असं माझं मत आहे, कारण बँका तिथं बरीच सूट देतात. फक्त सही करताना शुद्धीत राहा. तिथला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढाच आकडा कबूल करा आणि "खातं पूर्ण बंद, बाकी शून्य" हे शब्द कागदावर घ्या.

लवादाची नोटीस आली, लवाद बँकेनंच एकतर्फी नेमलेला असला, तरी गप्प राहू नका. ज्याचा खटला त्यानंच पंच नेमायचा हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय. तो आक्षेप लेखी पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. निवाडा झालाच तर तो आव्हानायला तीन महिने असतात.

आता हे सगळं माणसानं एकट्यानं करायचं का? आपल्या पलीकडे, गोदावरी ओलांडली की नगर जिल्हा. तिथं आणि पुणे जिल्ह्यात 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. तेव्हाही एकतर्फी हुकूमनाम्यांचा सुळसुळाट होता, कुणब्याला कोर्टात काय चाललंय ते कळतच नव्हतं. चार वर्षांनी, 1879 मध्ये, इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कोर्टाला सांगितलं होतं की प्रतिवादीची जबानी घ्या आणि व्यवहार पहिल्यापासून उकरून हिशेब बघा. आपला भाग तेव्हा निजामाकडे, त्यामुळे आपल्याला तो लागू नव्हता. परक्या सरकारला जे सुचलं ते आज इंग्रजीतल्या साठ पानी दाव्याला मराठी माणूस उत्तर देतो तेव्हा का सुचू नये? कार्डाच्या अटी शक्यतो स्थानिक भाषेतही द्या, असं रिझर्व्ह बँक म्हणते. "शक्यतो" या शब्दानं घात केलाय. कार्ड विकणारी पोरगी फोनवर अस्खलित मराठी बोलते, दावा मात्र इंग्रजीत येतो.

गंगापूरच्या वकील मंडळींना आणि तालुका विधी सेवा समितीला माझी जाहीर विनंती आहे. बाजाराच्या दिवशी आपल्या बाजार समितीच्या आवारात महिन्यातून एकदा टेबल टाका. लोकांनी कागद आणावेत, तुम्ही फक्त सांगावं, हा कोर्टाचा आहे, हा नाही, याची तारीख अमुक. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता, आणि वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. हे किती जणांना माहीत आहे?

आणि कर्जमाफीची वाट बघणाऱ्यांनो, 2017 ची आणि 2019 ची दोन्ही माफी शेतीकर्जाची होती. कार्ड त्यात नव्हतं, पुढंही येईल असं मला वाटत नाही.

त्या दुकानदाराचं पुढं काय झालं? एकतर्फी हुकूमनामा झाल्याचं कळलं तेव्हा 30 दिवसांतले 19 गेले होते. उरलेल्या दिवसांत वकिलामार्फत तो रद्द करण्याचा अर्ज टाकला. दाराला डकवलेलं समन्स पोराच्या वहीत सापडलं, तेच आता त्याच्याविरुद्ध बोलतंय. पावत्यांची पिशवी मात्र बायकोनं जपून ठेवली होती. पुढची तारीख पंधरा तारखेला आहे, मी त्याच्यासोबत जाणार आहे.