आरोपीच्या घरी कोण आहे?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 480, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 437, जन्मठेपेच्या आरोपातही स्त्रीला, लहान मुलाला, आजारी वा दुर्बल आरोपीला जामीन देण्याची मुभा न्यायाधीशाला देते. पण ही सवलत पाहते ती आरोपीच्या स्वतःच्या अवस्थेकडे. त्याच्यावर विसंबून असलेल्यांकडे नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलणारा एकुलता एक मुलगा, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लेकीला घास भरवणारा विधुर बाप त्यात बसतच नाही. त्याच्या वाट्याला येतो तात्पुरता जामीन, बहुधा शस्त्रक्रियेपुरता नाहीतर अंत्यविधीपुरता. सेवा मात्र रोजची असते, रात्रीचीही. आरोप घरातल्याच माणसाला छळल्याचा असेल, तर आरोपीला त्याच उंबऱ्याआत परत धाडणे घातक, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच न्यायाधीशासमोर वकिलाच्या अर्जातला एखादा परिच्छेद आणि डॉक्टरांचा दाखला एवढेच असू नये. पहिल्या रिमांडलाच ‘घरी कोण आहे?’ असे विचारले जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आपला विधी स्वयंसेवक घरी पाठवावा. रुग्णाला औषध कोण देते, शेजारी किती दिवस सांभाळतील, रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे दोन दिवसांत लेखी कळवावे. आणि जामीन मंजूर झालाच, तर जामीनदार शोधण्यात आणखी आठवडे घालवू नयेत; अशा माणसाला जातमुचलक्यावर सोडावे.