‘हेही बदलावं लागेल’ : सर्व्हिस सेंटरच्या फोनला लगेच ‘हो’ का म्हणू नये?

राजुऱ्यातल्या अनेक गाड्या कंपनीच्या सर्व्हिसिंगसाठी चंद्रपूरला जातात. सकाळी गाडी सोडली, की दुपारी फोन येतो : ‘ब्रेक पॅड संपलेत. एसी क्लीनिंगही करून घ्या.’ गाडी जवळपास ३० किलोमीटरवर, तीही लिफ्टवर. मालक ‘करून टाका’ म्हणतो आणि बिल काही हजारांनी वाढते. अनावश्यक दुरुस्तीला मंजुरी अशी फोनवरच मिळते. म्हणून ती तिथेच अडवायला हवी.

सल्ला की विक्री?

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला अनेक ठिकाणी जादा कामांचे टार्गेट असते. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग ही त्यातली नेहमीची नावे. गाडीसोबतच्या पुस्तिकेतील देखभालीच्या वेळापत्रकात ती बहुधा नसतात.

मात्र प्रत्येक सल्ला फसवा नसतो. सास्तीच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने आणि त्यांची जड वाहतूक यामुळे आपल्या रस्त्यांवर धूळ जास्त. धुळीच्या भागासाठी अनेक पुस्तिकांत एअर फिल्टर लवकर तपासायला व बदलायला सांगितलेले असते. म्हणजे धुळीचे कारण एअर फिल्टरला लागू पडते, इंजिन फ्लशला नाही. अ‍ॅडव्हायझरला पुस्तिकेतील पान दाखवायला सांगा.

वॉरंटीची भीती किती खरी?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही आदेशात होते. कंपन्या त्याविरोधात दाद मागायला गेल्या. त्यामुळे वॉरंटी सुरू असेल तर अटी वाचूनच बाहेर काम करा. पण ओळखीच्या मेकॅनिकचे नुसते मत घेतल्याने वॉरंटी जात नाही.

फोन आला तर काय कराल?

- गाडी देतानाच जॉब कार्डवर कामे, अंदाजे खर्च आणि ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ असे लिहून घ्या.
- फोटो, माप आणि नवा खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले, ते विचारा.
- ‘आज केले नाही तर काय होईल?’ हे विचारा. ब्रेक, स्टिअरिंग, टायरचा दोष खरा असेल तर टाळू नका.
- बदललेला जुना भाग आणि तपशीलवार बिल मागून घ्या.

तरीही फसवणूक झाली तर?

आधी डीलर आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे डीलर नागपूरचा असला तरी राजुरावासीयांना चंद्रपूरलाच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

खरे तर ग्राहकाला एवढे विचारायची वेळच येऊ नये. फोटो आणि माप पाठवायला सर्व्हिस सेंटरला दोन मिनिटे पुरतात. जे तेवढेही पाठवत नाहीत, त्यांना फोनवर ‘हो’ म्हणायची घाई आपण का करावी?