मावशीचे सुतक आणि दोन दिवसांची रजा

ऑस्ट्रेलिया खंडात गोऱ्यांच्या आधी हजारो वर्षे नांदत आलेले जे अ‍ॅबोरिजिनल म्हणजे मूळ रहिवासी लोक, त्यांस तेथील समाजसेवेच्या संस्था हल्ली नोकरीवर घेऊ लागल्या आहेत. पण माणूस टिकला नाही की दोष त्याच्याच माथी मारतात. आम्हांस हा दोष संस्थेचा वाटतो.

सुमारे १९१० ते १९७० पर्यंत सरकारी अधिकाऱ्यांनी या लोकांची लेकरे आयांपासून तोडून नेली. १९९७ च्या चौकशी अहवालात दहांत एक ते तिघांत एक मूल असे प्रमाण दिले आहे. २००८ साली पंतप्रधान केव्हिन रड यांनी पार्लमेंटात माफी मागितली. पण माफीने धास्ती जाते काय? सरकारी माणूस दारात दिसला की म्हातारीच्या पोटात अजून गोळा येतो. आपल्यातला कोणी आला तरच कडी निघते. तेव्हा त्यास नोकरी देणे हा उपकार नव्हे. त्याच्यावाचून संस्थेचेच काम अडते.

आता रजेचे पाहा. २००९ च्या कायद्याने जवळचे माणूस गेल्यास दोन दिवसांची रजा मिळते. जवळचे म्हणजे नवराबायको, आईबाप, लेकरे, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे. एका घरात राहत नसेल तर मावशी त्यात नाही, चुलता नाही. आणि या लोकांत तर पुष्कळ ठिकाणी मावशीला आईच म्हणतात, चुलत्याला बापच! 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. मयतीस गावी जावयाचे तर वाट कधी शेकडो मैलांची, आणि विधी दोन दिवसांत उरकत नाहीत. समाजसेवेच्या नोकरांसाठी २०१० साली जो सरकारमान्य ठराव झाला, त्यात विधींसाठी वर्षास दहा दिवसांपर्यंत रजा आहे; पण ती बिनपगारी, आणि तीही मालकाची मंजुरी असेल तर. सुतकही पाळायचे आणि चूलही विझवायची, असा हा न्याय.

शिवाय कचेरीत तो बहुधा एकटा. पाहुण्यांचे स्वागत त्याने करावे, गोऱ्या सोबत्यांस रीतभात त्याने शिकवावी, फोटोत पुढे त्याने उभे राहावे. संध्याकाळी भाऊबंदांची गाऱ्हाणी त्याच्याच ओटीवर. याची ना हजेरी, ना मजुरी. क्वीन्सलंड सरकारने या लोकांची मजुरी पूर्वी आपल्याच ताब्यात ठेवली होती. त्यापायी २०१९ साली १९ कोटी डॉलर देण्याची तडजोड त्यास करावी लागली. फुकट राबविण्याची खोड जुनीच म्हणावयाची.

आमचे म्हणणे असे की, रजा भरपगारी द्या, वरकामाची मजुरी मोजा आणि एकट्यास कधी नेमू नका, निदान दोघे तरी घ्या. सिडनीतील रेडफर्न येथे या लोकांनी १९७१ साली स्वतःचा दवाखाना काढला, कारभारही त्यांचाच. इतर संस्थांतही रजेच्या अर्जावर सही करणारा त्यांच्यापैकी असावा, म्हणजे मेलेली बाई आपली कोण लागत होती हे कोणास लिहून द्यावे लागणार नाही.