शून्य-प्रतीचा इतिहास : वेगाचा नव्हे, कराराचा

१/ कॅमेऱ्याने टिपलेले चित्र मध्ये प्रत न काढता पडद्यावर उमटते, याचे श्रेय सर्रास वेगवान चिपला दिले जाते. हा समज इतिहासाला धरून नाही.

२/ ‘४के’ चित्राची एक फ्रेम सुमारे ३३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक जादा प्रतीमागे जवळपास २ जीबींचे लेखन. ते टाळण्याची क्षमता यंत्रांत होतीच. नव्हता तो सामाईक करार. क्वालकॉमचे पीमेम, एनव्हिडियाचे एनव्हीमॅप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे सीमेम : प्रत्येकाची चूल वेगळी.

३/ २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये सुमित सेमवाल यांचे ‘डीएमए-बफ’ आले. एका ड्रायव्हरच्या बफरचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे कर्नलने दिलेला क्रमांक, ॲप दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती सोपवते. चित्र जागचे हलत नाही. हक्क तेवढा फिरतो.

४/ त्याच वर्षी एनव्हिडियाच्या अभियंत्याने ही सोय जीपीएल नसलेल्या ड्रायव्हरांनाही खुली करण्याची मागणी केली. कर्नलच्या काही विकासकांनी तीव्र विरोध केला. अट कायम राहिली. एकाही बाइटच्या वेगावरून हा वाद नव्हता; सामाईक श्रमावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. तो वगळून सांगितलेला तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे निव्वळ जाहिरात होय.